मागच्या दारची माती

विष्णुपुरी, नांदेड
११ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सिंधुकाकू,
सविनय नमस्कार.

मी विशाखा, पंचफुलाची लेक. ओळखलंत ना? बजरंगदादांना फोन केला होता. ते म्हणाले, "आईला फोनवर कायबी ऐकू येत न्हाई आता, पण कागद आला की चष्मा लावून दोनदा वाचते." म्हणून लिहायला बसले.

माय आता माझ्याकडे आहे. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर ती दोन वर्षं गावात एकटीच राहिली, नको म्हटलं तरी. दिवाळीनंतर तिला लकव्याचा झटका आला. उजवा हात अजून उचलत नाही. बोलणंही अडखळतं. डॉक्टर म्हणतात जीभ सुटेल, पण तिला बोलतं ठेवा. मी सकाळी शाळेत जाते, धम्मदीप, म्हणजे माझे मिस्टर, त्यांच्या ऑफिसात. माय पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असते. टीव्ही लावून दिला तरी भिंतीकडेच बघते. महिना झाला, "मला गावाकडं सोड" याशिवाय धड एक वाक्य बोललेली नाही.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी आम्ही इथं घर बांधलं. मागे वीस बाय पंधराची मोकळी जागा आहे. तिथं घरापुरती भाजी लावायची माझी फार इच्छा आहे, पण जागा म्हणजे बांधकामाचा उकिरडा झाला आहे. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, फरशीच्या कपच्या, वरून मुरूम. तुमच्या मागच्या दारची बाग मला अजून आठवते. मी तिसरी-चौथीत असताना मायबरोबर यायची. माय तुमच्या सांगण्यावरून पाणी घालायची आणि तुम्ही मला कोवळी काकडी तोडून द्यायचात. तसं काही इथं करता येईल का? माती कशी तयार करायची, सुरुवात कुठून करायची, तेवढं सविस्तर कळवा. तुमच्याइतकं यातलं कळणारं दुसरं कुणी मला माहीत नाही.

आपली,
विशाखा

•

ता. रेणापूर
२० फेब्रुवारी

चि. विशाखाला सिंधुकाकूचा आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. पंचफुलाला लकवा झाला हे मला कुणी सांगितलं न्हाई. बजरंगला विचारलं तर म्हणतो, सांगितलं व्हतं, तुला ऐकू आलं नसंल. तसंबी असंल.

भाजीचं विचारलंस. घाई करू नको एवढंच सांगते. आधी सगळा राडारोडा उचल, वरवर न्हाई, कमरेइतकं खण. ताजं शेण घालू नको, मुळं जळतात. जुनं, मातीसारखं झालेलं खत बघ. बाकी मला विचारू नको. तुझी माय घरात हाय, तिला विचार. तिची खुर्ची पुढच्या खोलीतून उचल आन् मागच्या दारात नेऊन ठेव.

तिची तब्येत कळवत जा. कागदावर, फोनवर न्हाई.

सिंधुकाकू

•

विष्णुपुरी
२४ मार्च

आदरणीय सिंधुकाकू,
सविनय नमस्कार.

तुमचं पत्र उशिरा वाचल्यासारखंच झालं म्हणायचं. ते येईपर्यंत मी घाई करून बसले होते. वरचे दगड वेचले, फावड्यानं वीतभर उकरलं, गल्लीतल्या गोठ्यातून दोन घमेली शेण आणून मिसळलं आणि मेथी टाकली. पाचव्या दिवशी उगवली, दहाव्या दिवशी पिवळी पडली आणि पंधराव्या दिवशी बसली. मातीवर पांढरट पापुद्रा आला होता.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी मायची खुर्ची मागच्या दारात नेऊन ठेवली होती. दोन दिवस ती तिथंही गप्पच. नुसती माझी मेथी मरताना बघत होती. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी. पिशवी तिथंच टाकली. मागे जाऊन बघते तर माय वाफ्यात बसलेली. भिंत धरून पायऱ्या कधी उतरली कोण जाणे. डाव्या हातात चिमूटभर माती होती. मी ओरडणार, एवढ्यात तिनं ती जिभेला लावली, थुंकली आणि म्हणाली,

"शिमीट हाय. लई आत पतुर हाय."

काकू, दोन महिन्यांत एवढं लांब ती पहिल्यांदा बोलली.

मी म्हटलं, "माय, तुला चवीवरून कळतं?"

तर माझ्याकडे अशी बघितली, जणू मी वेडगळ काहीतरी विचारलं. "न कळायला काय झालं. जीभ बारीक चावती." मग म्हणाली, "ही उकरून न्हाई भागायचं. खणावं लागंल."

मी विचारलं, हे तू कुठं शिकलीस? तिनं हातातली माती झटकली. फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "सिंधुबाईला इचार."

तुम्ही म्हणता मायला विचार, माय म्हणते तुम्हाला विचारा. आता मी कुणाला विचारू?

आपली,
विशाखा

•

ता. रेणापूर
९ एप्रिल

चि. विशाखाला आशीर्वाद.

पंचफुला बोलली हे वाचून मी कागद खाली ठेवला आन् चष्मा पुसला. मग परत वाचला.

विचारलंस तर सांगते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू लहान व्हतीस. आमच्या गावात माणूस कुणी गेलं न्हाई, पण आमच्या घराची मागची भिंत आख्खी बसली. दगड, चुना, भेंड्याची माती, सगळं मागच्या अंगणात. भिंत नवी बांधली, पण तो ढिगार तसाच ऱ्हायला. आमचे मालक, तुझे शेषेरावकाका, म्हणाले, हिथं आता कायबी उगवत न्हसतं, ऱ्हाऊ द्या.

तुझी माय आमच्याकडं शेतात यायची. एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती त्या ढिगाराजवळ उभी ऱ्हायली आन् माती उचलून जिभेला लावली, तू लिहिलंस तशीच. मला म्हणाली, "बाई, चुना हाय, पर निघंल. मला करू द्याल का?" मी म्हणलं, कर बाई.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असंल त्या वर्षी. तिनं सगळा ढिगार चाळणीनं चाळला. दगडं निवडून कडंनी बांध घातला. कमरेइतकं खणून उन्हाळाभर उघडं ठेवलं. मग खाली निंबाचा पाला, वर जुनं खत, वर तळ्यातला गाळ. पहिल्या वर्षी भाजी लावूच दिली न्हाई. ताग पेरला, फुलावर आला तसा खत व्हावं म्हणून मातीत गाडला. सासूबाई म्हणाल्या, ही काय येडी हाय का, पेरायचं आन् गाडायचं. दुसऱ्या वर्षी वांगी आली, दोडका आला, तू खाल्लेली काकडी आली.

ती कुठं शिकली? माहेरी तिच्या बापाला माळाचा एक पट्टा व्हता, नुसता दगड. चांगली जमीन त्यांना देतंय कोण. त्या दगडातून तो माणूस ज्वारी काढायचा. लेक त्याच्या पाठीमागं फिरून शिकली. हे तिनंच मला सांगितलं व्हतं, खुरपता खुरपता.

तर मी तुझ्या मायच्या सांगण्यावरून पाणी घालत व्हते, विशाखा. तू उलटं बघितलंस.

सिंधुकाकू

•

विष्णुपुरी
१९ मे

आदरणीय सिंधुकाकू,
सविनय नमस्कार.

तुमचं पत्र मी मायला वाचून दाखवलं. बापाच्या पट्ट्याचा उल्लेख आला तेव्हा तिनं डाव्या हातानं पदर तोंडाला लावला. मला हे काहीच माहीत नव्हतं. चाळिशीला आले, मास्तरीण झाले, वर्गात पोरांना मातीचे थर शिकवते, आणि माझी आई जिभेनं माती ओळखते हे मला ठाऊक नव्हतं.

शाळेला सुट्टी लागल्यापासून आमच्याकडे खणणं चालू आहे. सकाळी सहा ते नऊ. धम्मदीप टिकाव मारतात, मी घमेली उचलते, माय खुर्चीवर बसून काठीनं दाखवते. बांधकामाच्या कामगारांनी सिमेंट कालवायची जागा नेमकी तिथंच केली होती. दोन फूट खाली भाकरीसारखा थापलेला थर निघाला. धम्मदीप म्हणाले, "सासूबाई, एवढा राहू द्या, खोल आहे." माय म्हणाली, "वांग्याचं मूळ तुमाला इचारून थांबतंय व्हय?" ते हसत हसत परत खड्ड्यात उतरले.

आता खड्डा उघडा आहे, तापतो आहे. धम्मदीपनी हदगावहून, त्यांच्या गावाकडून, तीन वर्षं कुजलेलं खत आणलं. नदीकाठचा गाळ मिळाला. मायनं दोन्ही हुंगून बघितलं आणि खताचं एक पोतं परत पाठवलं. म्हणाली, कच्चं आहे. खरंच आत काड्या तशाच होत्या. ताग जूनमध्ये. मी दिवाळीपर्यंत वाट बघायला तयार आहे हे बघून तिला बरं वाटलं असावं.

आणि काकू, ती बोलते आहे. अडखळते, शब्द शोधते, कधी चिडते, पण बोलते. डॉक्टरांनी विचारलं, कोणती स्पीच थेरपी चालू केली? मी म्हटलं, सिमेंट काढतो आहोत. हे सगळं तुमच्या त्या एका ओळीमुळे झालं, खुर्ची मागच्या दारात ठेव म्हणालात त्या. कसे आभार मानू कळत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या बागेला लातूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं ना? त्या दिवशी मायही तुमच्याबरोबर गेली होती, मला पक्कं आठवतं, कारण मला नेलं नाही म्हणून मी रडले होते. तिकडे काय काय झालं ते सांगा ना. मायला विचारलं तर म्हणते, "आठवत न्हाई."

आपली,
विशाखा

•

ता. रेणापूर
१० जून

विशाखा,

तुझा कागद येऊन पंधरा-वीस दिवस झाले. रोज लिहायला बसते आन् उठते. आज लिहूनच उठणार.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. प्रदर्शनात तालुक्यातालुक्यातून बायका आल्या व्हत्या. भाजीचं टोपलं उचलायला मी पंचफुलाला बरोबर नेलं. खरं तर ते निमित्त व्हतं, मला वाटलं तिनंबी बघावं. आपल्या बागेचा पहिला नंबर आला. मला वर बोलवलं, शाल दिली, कागद दिला. मग एका बाईनं माझ्यापुढं माईक धरला आन् विचारलं, "ताई, ही बाग कशी उभी केली?"

पुढं खुर्च्यांवर आमचे मालक, गावातली चार माणसं. तुझी माय मागं मांडवाच्या खांबापाशी टोपलं घेऊन उभी. मला दिसत व्हती.

मी म्हणाले, "घरचं काम आटपून केली. एकटीनं केली."

कुणी मला अडवलं न्हवतं, विशाखा. मालकांनी सांगितलं न्हवतं, सासूनं सांगितलं न्हवतं. तिचं नाव माझ्या जिभेवर आलं व्हतं. मीच गिळलं. वाटलं, एवढ्या माणसांत गड्यामाणसाचं नाव घेतलं, त्यात तुमच्या आळीतल्या बाईचं, तर लोक म्हणतील, मग हिनं काय केलं. तोवर मला गावात शेषेरावची बायको म्हणत. त्या दिवसापासून सिंधुताई म्हणायला लागले. ते मला लई गोड लागलं व्हतं, हेबी खरं.

येताना जीपमध्ये ती रिकामं टोपलं मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी खुरपायला आली. त्यापुढं बारा वर्सं आली. पण मागच्या दारी तिनं पुन्हा पाय ठेवला न्हाई. मी बोलवायची, ती म्हणायची, "शेतात काम हाय बाई." दोन वर्सांत बाग गेली. लोकांना मी सांगितलं, पाणी कमी पडलं.

आन् आणखी एक. एवढ्या वर्सांत ती माझ्या दारात रोज आली, मी तिच्या दारात एकदाबी गेले न्हाई. तुझा बाप गेला तेव्हाबी रस्त्यावरूनच विचारपूस करून परत आले.

तू माझे आभार मानतेस ते मला सोसंना झालंय. हे पंचफुलाला वाचून दाखव. न दाखवलंस तरी मी कायबी म्हणणार न्हाई.

सिंधु

•

ता. रेणापूर
२२ जुलै

विशाखा,

दीड महिना झाला. कागद मिळाला का न्हाई? पोस्टमन म्हणतो, पोचला असंल. मिळाला असंल आन् लिहायचं नसंल तर नुसतं एवढंच कळव, की पंचफुला बरी हाय.

सिंधु

•

विष्णुपुरी
४ ऑगस्ट

आदरणीय सिंधुकाकू,

पत्र मिळालं होतं. माय बरी आहे. उत्तर दिलं नाही याचं कारण सांगते.

मला राग आला होता. ते पत्र मी कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. धम्मदीपनाही दाखवलं नाही. वाटायचं, माझी माय मांडवाच्या खांबापाशी उभी आहे आणि मी इथं तुम्हाला "तुमच्याइतकं कळणारं कुणी नाही" असं लिहिते आहे. तुमचं दुसरं पत्र आल्यावर फाडून टाकावं असंही मनात आलं.

मग एकदा शाळेत वह्या तपासता तपासता माझं मलाच कळलं. मी तरी काय केलं? जिला सगळं येतं ती माझ्या घरात खुर्चीवर बसलेली, आणि मी माती कशी करायची हे विचारायला तिच्या पाठीमागून रेणापूरला पत्र लिहिलं. तुम्ही तिचं नाव गिळलंत. माझ्या तर ते मनातही आलं नव्हतं. तुमच्यावर रागावण्याआधी मी स्वतःचा हिशेब करायला हवा होता.

आज रविवार. सकाळी आम्ही ताग गाडला. छातीएवढा झाला होता, पिवळी फुलं लागली होती. कापून, तुकडे करून मातीत मिसळला. काम झाल्यावर मायला चहा दिला, तिच्या पायाशी बसले आणि तुमचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

ऐकता ऐकता तिचा चहा निवून गेला. संपल्यावर तिनं कप बाजूला ठेवला. मग म्हणाली,

"तिला आठवतंय."

मी म्हटलं, "हो माय."

"मला वाटलं व्हतं, ती इसरली. तिला त्याचं कायबी वाटलं न्हाई. म्हणून मीबी कुणाला सांगितलं न्हाई. आपल्यालाच वाटतंय मग काय सांगायचं."

मी विचारलं, राग होता का? म्हणाली, "व्हता की. त्या दिशी मी नवं लुगडं नेसून गेले व्हते. ठेवणीतलं. वाटलं, वर बोलवतील."

काकू, मी हे तुम्हाला लिहावं की नाही, असा विचार केला. मायच म्हणाली, "लिही. तिनं सगळं लिहिलं, आपण का झाकायचं?" आणि मग म्हणाली, "आता मी सांगते तसं लिही." पुढचं तिचं आहे, शब्द बदलले नाहीत.

*सिंधुबाई, जय भीम. मी बरी हाय. हात येत न्हाई पर काठीनं काम चालतंय. तुमी लिवलं ते ऐकलं. त्या दिशी लई लागलं व्हतं आन् लई वर्सं लागत व्हतं. आता तुमी लिवलं, आता मोकळं झालं. आजून एक सांगते. आख्ख्या जन्मात मी लोकांच्या रानात काम केलं. हे उपट, ते टाक, असं समद्यांनी सांगितलं. तुमच्या मागच्या दारी मातुर मला तीन वर्सं कुणी कायबी सांगितलं न्हाई. मी म्हणंल तसं. सासूबाई बोलल्या तवा तुमीच म्हणालात, तिला कळतंय, तिला करू द्या. ते मी इसरले न्हाई. बापाच्या माघारी माझ्या हातानं तेवढीच माती झाली व्हती. त्याचे उपकार हायतच. आता लिवत बसू नका. दिवाळी झाल्यावर या. लेकीचं घर बघा. ऱ्हायलाच या.*

आपली,
विशाखा

•

ता. रेणापूर
१ डिसेंबर

चि. विशाखाला आन् जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. लातूरला गाडी बदलताना बजरंग न्यायला आला व्हता. नांदेडला जायचं म्हणलं तेव्हा तो म्हणत व्हता, एवढ्या लांब कशाला, ऐकू येत न्हाई, गुडघे दुखतात. आता घरी आल्यापासून मीच बोलतेय आन् तो ऐकतोय.

तीन दिवसांचं तुला सगळं ठाऊक हाय, पण सोमवारी तू शाळेत गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. ते लिहिते.

तू गेलीस आन् आमी दोघी मागच्या दारात बसलो. तिला बोलायला वेळ लागतो, मला ऐकायला. दोघींचं मिळून बरं जमलं. तिनं मला वाफे दाखवले. मेथी, चुका, वांगी, त्या कोपऱ्यात घेवडा. एक मूठ माती माझ्या हातात देऊन दाबायला लावली. दाबली तर गोळा झाला, बोट लावलं तर सुटला. मी म्हणलं, पंचफुला, ही त्या वर्षीच्या मातीपेक्षाबी चांगली झाली. ती म्हणाली, "व्हणारच. जावयानं खणलीय."

मी मनाशी ठरवून आले व्हते. चार माणसांत सांगायचं, ही बाग हिनं केली, आमची ती बागबी हिनंच केली. कुणी भेटलं की सांगायचं. तेवढ्यात तुमची शेजारीण, ती देगलूरकडची कमलम्मा, भिंतीवरून डोकावली. मोठ्यानं बोलते म्हणून मला ऐकू आलं. तुझ्या मायला म्हणाली, "अव्वा, किती छान आलंय सगळं. कुणी केलं हो?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी तुझ्या मायनं डावा हात छातीवर ठेवला. म्हणाली, "मी."

कायबी अडखळली न्हाई. मग हातानं तुझी ओढणी दाखवली, दोरीवर वाळत व्हती ती, आन् भिंतीला टेकवलेला टिकाव दाखवला. म्हणाली, "आन् माझ्या पोरीनं. आन् जावयानं."

मला जे एवढ्या वर्सांत करता आलं न्हाई ते तिनं एवढं सोपं करून टाकलं. माझं मनातलं भाषण मनातच ऱ्हायलं. त्याचं मला वाईट वाटलं न्हाई. तिचं नाव मी घ्यायची गरजच तिला उरली न्हाई, हे बघून मला किती बरं वाटलं ते कागदावर येत न्हाई.

दुपारी तिनं मला चुक्याची भाजी वाढली. तू करून गेली व्हतीस, पण वाढली तिनं, डाव्या हातानं. तिच्या हातचं मी पहिल्यांदा खाल्लं. मी म्हणलं, आता तरी मला बाई म्हणू नको, नावानं हाक मार. ती म्हणाली, "जिभेला सवय न्हाई. बघू." मी म्हणलं, बघू.

आता आमच्या मागच्या दारचं सांगते. बाग गेल्यावर तिथं मालकांनी जनावरं बांधायला सुरुवात केली. वीस-पंचवीस वर्सं तिथं गोठाच हाय. आल्या दिवशी मी बजरंगला म्हणलं, गोठा पुढं हलव, मला ती जागा पाहिजे. तो मुकाट्यानं लागला कामाला. पण जागा बघितली आन् माझा धीर गेला. जनावरांच्या खुरांनी तुडवून तुडवून फरशीसारखी झालीय. कुदळ मारली तर उडते. पंचफुलानं केलेलं सगळं मी वाया घालवलं. तिला विचार, ह्यात आता काय व्हईल का? आन् विचार, संक्रांतीनंतर आठ दिवस माझ्याकडं येशील का? कामाला न्हाई. खुर्ची टाकते, काठी देते.

तुम्हा तिघांनी मला घरात घेतलं, त्याबद्दल किती आन् काय लिहू.

सिंधु

•

विष्णुपुरी
८ डिसेंबर

आदरणीय सिंधुकाकू,
सविनय नमस्कार.

तुमचं पत्र मायला दोनदा वाचून दाखवलं. कमलम्माची गोष्ट ऐकताना ती लाजली, मग म्हणाली, "त्यात लिवण्यासारखं काय व्हतं?" पण तिसऱ्यांदा तेवढीच ओळ वाचायला लावली. संक्रांतीनंतरच्या शनिवारी धम्मदीप तिला घेऊन येतील. तिच्या औषधाच्या वेळा मी वेगळ्या कागदावर लिहून देईन. मला सुट्टी मिळाली तर मीही येते.

खाली माय सांगते तसं लिहिते आहे.

*सिंधुबाई, जय भीम. वाया काय गेलं न्हाई. पंचवीस वर्सं जनावराचं शेण-मूत जिरलं त्या जागंत, माणसानं घालतो म्हणलं तरी एवढं खत घालता येत न्हाई. वरचा थर तुडवून निब्बर झालाय, खालची माती लई ताकदीची झाली आसंल. खत घालू नका. बजरंगला म्हणावं, आदल्या दिशी पाणी मारून भिजवून ठेव, मग खण, म्हंजे कुदळ उडायची न्हाई. ढेकळं फोडू नका, तशीच उनात पडू द्या. मी आल्यावर हातात घेऊन बघते. बी आत्ता आणू नका. काय लावायचं ते आपण दोघी ठरवू.*

आपली,
विशाखा